रुबी मायर्स ऊर्फ सुलोचना: बोलपट आला आणि ती खरंच संपली का?

प्रश्न असा आहे: मूकपटांतली सुलोचना, म्हणजे रुबी मायर्स, हिला मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त पगार होता. पण बोलपट आला आणि हिंदुस्तानी बोलता येत नसल्यामुळे ती एका रात्रीत संपली, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. हे कितपत खरं? आणि तिचं काम आता कुठे पाहायला मिळेल?

आधी थोडक्यात उत्तर देतो. बोलपटामुळे ती संपली नाही. साधारण वर्षभराचा खंड पडला, तेवढ्यात ती भाषा शिकली, परत आली आणि पुढची पाच-सहा वर्षं त्याच कंपनीत आघाडीची नायिका म्हणून उभी राहिली. ती मागे पडली ती १९३०च्या दशकाच्या शेवटी, आणि त्याची कारणं वेगळी आहेत. जुन्या चित्रपटांच्या कथापुस्तिका, जाहिराती, स्टिल्स यांची सूची करण्यात माझी कामाची बहुतेक वर्षं गेली आहेत. ‘एका रात्रीत संपली’ हे वाक्य मला फार खटकतं, कारण त्या एका वाक्याने या बाईची सगळी मेहनत पुसली जाते.

एक घोटाळा सुरुवातीलाच दूर करू. आपल्याकडे सुलोचना म्हटलं की भालजी पेंढारकरांच्या तालमीत तयार झालेल्या सुलोचना लाटकर, सुलोचनादीदी, डोळ्यांसमोर येतात. लावणीच्या सुलोचना चव्हाण त्याही वेगळ्या. इथे जिच्याबद्दल बोलतोय ती या दोघींच्या आधीची. सुलोचना लाटकरांचा जन्म १९२८चा, आणि त्याच वर्षी या सुलोचनेचे ‘माधुरी’ आणि ‘अनारकली’ पडद्यावर आले. जुन्या श्रेयनामावल्या वाचताना साल पाहिलं नाही तर एकीचं काम दुसरीच्या नावावर सहज जातं. इंटरनेटवर असं झालेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

रुबीचा जन्म पुण्याचा, १९०७चा. घर बगदादी यहुदी. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, ज्या समाजाचं, त्याच समाजातलं. सिनेमात येण्याआधी ती टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर फिल्म कंपनीचे मोहन भवनानी यांनी तिला चित्रपटात काम करायचं विचारलं तेव्हा तिने सरळ नकार दिला. त्या काळी हा नकार अगदी स्वाभाविक होता. फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’च्या तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, ती भूमिका अण्णा साळुंके यांनी केली, ही गोष्ट १९१३ची. पुढे ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमळाबाई आल्या, तरी चांगल्या घरच्या मुलीने कॅमेऱ्यापुढे उभं राहणं हे दहा-बारा वर्षांनंतरही बदनामीचंच मानलं जाई. भवनानींनी पिच्छा सोडला नाही. अभिनयाचा कसलाही अनुभव नसलेली ही मुलगी अखेर तयार झाली आणि १९२५च्या ‘वीर बाला’पासून सुलोचना या नावाने पडद्यावर आली.

त्या काळात नायिका म्हणून यहुदी आणि अँग्लो-इंडियन मुली इतक्या का दिसतात, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. कलकत्त्याला पेशन्स कूपर, मुंबईत सुलोचना, अर्मेलिन, हिमांशु रायच्या चित्रपटांतली सीतादेवी म्हणजे मूळची रेनी स्मिथ. सामाजिक कारण सगळ्यांना ठाऊक असतं: या समाजांतल्या मुली आधीच घराबाहेर पडून टेलिफोन एक्सचेंजमध्ये, कचेऱ्यांत टायपिस्ट म्हणून, दुकानांत नोकऱ्या करत होत्या. पण एक तांत्रिक कारणही आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही. तेव्हा बहुतेक चित्रण ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर होई. या फिल्मला निळा-हिरवा प्रकाश दिसतो, लाल जवळपास दिसत नाही. म्हणजे ओठांवरची लाली पडद्यावर काळी उमटते, आणि सावळ्या त्वचेतला तांबूस रंग प्रत्यक्षापेक्षा कितीतरी गडद होतो. त्यात प्रकाश मुख्यतः सूर्याचा, वरून येणारा, चंदेरी पत्र्याच्या रिफ्लेक्टरने चेहऱ्यावर फेकलेला. अशा वेळी गोऱ्या कातडीचा चेहरा कॅमेरामनला सोयीचा पडे. भाषेचा प्रश्नच नव्हता, कारण नायिका काय बोलते ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

काय बोलते ते कळायचं पडद्यावर मधूनमधून येणाऱ्या लिखित पाट्यांवरून. मुंबईच्या कंपन्या इंग्रजी, गुजराती, हिंदी, उर्दू अशा तीन-चार भाषांत पाट्या टाकत, आणि तरीही वाचता न येणारा प्रेक्षक मोठा, म्हणून थिएटरात कुणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी. खाली पेटी-तबला चालू. हा सगळा गलका चालू असताना प्रेक्षकाची नजर नायिकेवर खिळवून ठेवायची तर चेहरा आणि शरीर एवढीच साधनं हाताशी. यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कॅमेरा हाताने फिरवायचा आणि प्रोजेक्टरही बहुतेक ठिकाणी हातानेच. ज्या वेगाने चित्रीकरण झालं त्याच वेगाने चित्रपट दाखवला जाईल याची खात्री नाही. म्हणून मूकपटातला चांगला नट हावभाव करून क्षणभर तसाच थांबतो. भाव पोचायला अवधी देतो. आजच्या माणसाला तो थांबा बोजड वाटतो, पण त्या परिस्थितीत तो कारागिरीचा भाग होता.

सुलोचनेचं वेगळेपण कशात होतं? पौराणिक आणि ऐतिहासिक नायिका त्या काळी सगळ्याच करत. तिने शहरातली, नोकरी करणारी, स्वतःचं डोकं चालवणारी तरुणी पडद्यावर आणली. १९२६च्या ‘टायपिस्ट गर्ल’चं उदाहरण घ्या. चंदुलाल शहांनी तो कोहिनूरसाठी अवघ्या १७ दिवसांत केला, सोबत गोहर होती, आणि तो जोरात चालला. टेलिफोन एक्सचेंजमधून आलेली मुलगी पडद्यावर टायपिस्ट होते आणि गिरगाव-फोर्टकडे कामाला जाणारा प्रेक्षक तिला ओळखतो. पुढे १९२९चा ‘इंदिरा बी.ए.’. ‘पदवीधर मुलगी’ ही गोष्टच तेव्हा नाटक-कादंबऱ्यांतून गाजत असलेला वादाचा विषय होती, आणि सिनेमाने तिला नायिका करून टाकलं.

भवनानींबरोबर ती अर्देशिर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीत गेली आणि १९२७च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तिने आठ भूमिका केल्या. त्यांत माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता, रस्त्यावरचं पोर होतं, केळीवाली होती, सोनेरी केसांची गोरी बाईही होती. या यादीकडे जरा नीट बघा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडे पुरुष बाईचं काम करत होते, बालगंधर्व तर तेव्हाही रंगभूमीवर नायिका होते. आणि इथे एक बाई पोलिसाचा गणवेश घालून पुरुषाची चाल चालते आहे. संवाद नसताना माळी आणि हैदराबादी रईस यांतला फरक दाखवायचा तर पाऊल कसं पडतं, खांदे कसे राहतात, हात कुठे जातात, यातूनच. तिच्या सगळ्या कारकिर्दीतून एकच चित्रपट परत मिळणार असेल तर मी हा मागेन.

१९२८ची ‘अनारकली’ ही निर्मितीतली शर्यत होती. लाहोरला त्याच कथेवर ग्रेट ईस्टर्न कंपनीचा भव्य चित्रपट तयार होत होता आणि त्यात सीतादेवी होती. इंपीरियलने आर. एस. चौधरींकडून आपली ‘अनारकली’ घाईघाईत पुरी करून आधी प्रदर्शित केली आणि बाजी मारली. सुलोचनेच्या नावावर गर्दी किती खेचली जाई याचा दुसरा दाखलाही आहे. महात्मा गांधी खादी प्रदर्शनाचं उद्घाटन करतानाची एक छोटी फिल्म दाखवली जात होती, तिच्यासोबत ‘माधुरी’तला सुलोचनेचा नाच ध्वनीची जोड देऊन जोडलेला होता. म्हणजे पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ येण्याआधीच तिचा नाच आवाजासकट थिएटरात पोचला होता.

आता पगाराचं. महिना ५,००० रुपये हा आकडा सगळीकडे येतो आणि त्या काळासाठी तो प्रचंडच आहे. मुंबईच्या गिरणी कामगाराला तेव्हा महिन्याला तीस-पस्तीस रुपये मिळत. पण ‘गव्हर्नरपेक्षा जास्त’ हे टिकत नाही. १९३५च्या भारत सरकार कायद्याच्या परिशिष्टात मुंबईच्या गव्हर्नरचा पगार दिलेला आहे: वर्षाला १,२०,००० रुपये, म्हणजे महिना १०,०००. ५,००० हा त्याच्या निम्मा झाला. ही तुलना जाहिरातीला शोभणारी आहे, आणि एकदा छापली गेल्यावर पुढचा प्रत्येक लेखक ती उचलत गेला. तिची थोरवी सांगायला गव्हर्नरची गरजच नाही. कंपनीत नायकापेक्षा नायिकेचं मानधन जास्त होतं, हे मला कितीतरी महत्त्वाचं वाटतं. डी. बिलिमोरिया हा तिचा नायक, हॉलिवूडच्या जॉन बॅरीमोरच्या धर्तीवरचा देखणा नट. १९३३ ते १९३९ या काळात ही जोडी सलग गाजत होती, आणि त्याला तिच्याहून कमी पैसे मिळत.

बोलपटाच्या प्रश्नाकडे येतो. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. बनवणारी कंपनी इंपीरियल, म्हणजे सुलोचनेचीच. तरीही नायिका झुबेदा होती. कारण उघड आहे: सुलोचनेची हिंदुस्तानी तेव्हा चालण्यासारखी नव्हती. पण यात तिचा एकटीचा दोष काढण्याआधी त्या सेटवर काय चाललं होतं ते पाहा. स्टुडिओजवळून रेल्वे जात होती, म्हणून गाड्या थांबल्यावर रात्री उशिरा चित्रण. मायक्रोफोन दिसू नये म्हणून सेटवर कुठेकुठे लपवलेले. आवाज त्याच क्षणी थेट फिल्मवर नोंदला जात होता. नंतर दुसऱ्याच्या आवाजात डब करायची सोय नाही. पार्श्वगायन चित्रपटांत रुळायला सुरुवात झाली १९३५नंतर. तोवर नट-नटी कॅमेऱ्यासमोर स्वतः बोलणार, स्वतः गाणार, वादक झाडामागे नाही तर पडद्यामागे दडून बसणार. आज परदेशी नायिकेला दुसरीचा आवाज लावून चित्रपट पुरा करता येतो. १९३१ला उच्चार कच्चा असेल तर त्यावर तंत्राचा कुठलाही उतारा नव्हता.

आणि अडचण नायिकेचीच होती असंही नाही. ‘आलम आरा’चा नायक मास्टर विठ्ठल, आपला मराठी गडी, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेला, तलवारबाजीच्या मूकपटांचा राजा. या चित्रपटासाठी त्याने शारदा कंपनीचा करार मोडला, प्रकरण कोर्टात गेलं, त्याची बाजू बॅरिस्टर जीनांनी मांडली आणि तो जिंकला. एवढं करून चित्रपटात त्याच्या तोंडी संवाद अगदी मोजके, कारण त्याचीही उर्दू बेताची. पुढे विठ्ठल मराठी चित्रपटांकडे वळला आणि भालजींच्या ऐतिहासिक पटांत स्थिरावला. त्याला परतायला मातृभाषेचं घर होतं. सुलोचनेला तसं कुठलंच नव्हतं. इंग्रजी तिच्या घरची, पण इंग्रजी बोलपट मुंबईत कोण काढणार? तिच्यापुढे एकच वाट होती आणि ती तिने धरली. वर्षभर काम थांबवून हिंदुस्तानी शिकली आणि १९३२ला ‘माधुरी’च्या बोलपट आवृत्तीतून परतली.

मग इंपीरियलने पद्धतशीरपणे तिचे गाजलेले मूकपट बोलके केले. ‘इंदिरा बी.ए.’चा १९३४ला ‘इंदिरा एम.ए.’ झाला, १९३५ला ‘अनारकली’ पुन्हा आली, १९३६ला ‘वाइल्डकॅट’ची ‘बंबई की बिल्ली’ झाली. ‘सुलोचना’ याच नावाचाही एक चित्रपट १९३३ला निघाला. नटीच्या नावावर चित्रपट विकला जात होता, हे संपलेल्या माणसाचं लक्षण आहे का? कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हा हिशेब शहाणपणाचाच होता: गोष्ट प्रेक्षकाला माहीत, नायिका माहीत, आणि तिला कुठे बोलायला लावायचं, कुठे नुसत्या नजरेवर प्रसंग सोडायचा, हेही आधीच पारखलेलं. याच सुमारास तिने रुबी पिक्स ही स्वतःची संस्थाही काढली. पैशाची आणि निर्णयाची सूत्रं आपल्या हाती असावीत हे कळण्याइतकी ती धंद्यात मुरलेली होती.

मग ती मागे पडली कशाने? माझ्या मते आवाजापेक्षा मोठा बदल दुसरीकडे झाला. ६ फेब्रुवारी १९३२ला ‘अयोध्येचा राजा’ लागला आणि तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे दिसल्या. सेंट झेवियर्समध्ये शिकलेली, प्रतिष्ठित घराण्यातली मराठी बाई पडद्यावर आली, स्वतः बोलली, स्वतः गायली. मागोमाग शांता आपटे, बॉम्बे टॉकीजमध्ये देविकाराणी. ज्या दारातून सुलोचनेसारख्या मुली आत आल्या होत्या, ते दार उघडं राहण्याचं मुख्य कारणच नाहीसं झालं. इतरांच्या घरच्या मुली आता यायला लागल्या होत्या आणि त्यांना भाषा शिकावी लागत नव्हती. त्यातच इंपीरियल डळमळू लागली. १९३७ला या कंपनीने ‘किसान कन्या’ हा रंगीत चित्रपट इथेच प्रक्रिया करून काढला, केवढं मोठं धाडस, आणि त्यात नायिका पद्मादेवी होती. वर्षभरात इंपीरियल बंद पडली. स्टुडिओवर बेतलेल्या कारकिर्दीत स्टुडिओ बुडाला की नटीच्या पायाखालची जमीनच जाते. सुलोचना तेव्हा तिशी ओलांडलेली, आणि तिशीनंतरच्या नायिकेला आपल्या धंद्याने कधी दया दाखवली आहे? बिलिमोरियाचाही जोर तेव्हाच ओसरला, पण ‘बोलपटाने त्याला संपवलं’ असं कुणी म्हणत नाही.

त्यानंतर चरित्र भूमिका. १९४७च्या ‘जुगनू’त ती आहे. आणि १९५३ला नंदलाल जसवंतलाल यांनी ‘अनारकली’ काढला, संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं, अनारकली बीना रॉय. त्यात सलीमची आई जोधाबाई म्हणून सुलोचना उभी राहिली. हेच नंदलाल इंपीरियलमध्ये तिचे बोलपट दिग्दर्शित करत होते. जिने दोनदा अनारकली केली तिला तिसऱ्या वेळी आईची भूमिका मिळाली, यावर हळहळणारे पुष्कळ लेख आहेत. मला ते काम पाहताना हळहळ वाटत नाही. मुलगा आणि नवरा यांच्यामध्ये उभं राहून काहीच न बोलता दोघांकडे पाहणं ही मूकपटातून आलेली शिस्त आहे, आणि ती तिथे उपयोगी पडते.

१९७३चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. देविकाराणींनंतर तो मिळवणारी ती दुसरी अभिनेत्री. तरीही उतारवय हलाखीत आणि एकाकी गेलं. १९८३ला मुंबईत ती वारली.

आता पाहायला काय मिळेल. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले आणि त्यांतले पूर्ण-अपूर्ण मिळून तीसएक उरले असतील. नायट्रेटची फिल्म पेट घेते, उष्म्याने कुजते, आणि जी टिकली ती पुष्कळांनी आतली चांदी काढण्यासाठी भंगारात घातली. म्हणून सुलोचनेसाठी स्टिल्स आणि कथापुस्तिकांकडे वळावं लागतं. स्टिल पाहताना चेहऱ्यावर लगेच जाऊ नका. आधी हात पाहा, मग वजन कुठल्या पायावर आहे ते, मग नजर सोबतच्या नटाकडे आहे की कॅमेऱ्याकडे. एक इशारा: प्रसिद्धीचा फोटो वेगळा काढलेला असतो, तो चित्रपटातला क्षण असेलच असं नाही. कथापुस्तिकेत गोष्ट, पात्रं आणि बोलपट असेल तर गाणी मिळतात. एकाच कथेच्या मूक आणि बोलक्या आवृत्तीची माहिती शेजारी ठेवली की काय बदललं ते चटकन कळतं.

हलतं चित्र पाहायचं असेल तर १९५३ची ‘अनारकली’ सहज मिळते, तिच्यापासून सुरुवात करा आणि जोधाबाईचे प्रसंग आवाज बंद करून एकदा बघा. आणि त्या काळच्या मूकपटातली नायिका प्रत्यक्ष कशी दिसे, कशी हाले, ते समजून घ्यायला तिच्या प्रतिस्पर्धी सीतादेवीचा १९२९चा ‘प्रपंच पाश’ पाहा. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन. तो वाचला आहे, आणि त्याची सुधारलेली प्रत चांगली आहे.